नेत्रवैद्याचे ऋण

प्रत्येक विद्या शिकताना काही ना काही नासावे लागते. सुताराचा मुलगा लाकूड नासतो, शिंप्याकडील उमेदवार कापड नासतो, आणि ती नुकसानी धनी मुकाट्याने सोसतो. कारण हाच हात उद्या आपल्या दुकानाला वर आणील, हे त्याला ठाऊक असते. शस्त्रवैद्याच्या विद्येत मात्र हिशेब इतका सरळ राहत नाही. तेथे शिकणारा एक, शिकविणारा दुसरा, आणि ज्याच्या देहावर शिकावयाचे तो तिसराच असतो. त्यातही नेत्रवैद्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. मोतीबिंदूने गढूळ झालेले भिंग ज्या पिशवीत असते, तिचा मागील पडदा मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यांतील चार-पाच भागांएवढाच जाड असतो. तो अखंड ठेवून आतील भिंग काढावयाचे आणि त्याच पिशवीत कृत्रिम भिंग बसवावयाचे. पहिल्या दिवशी कोणाचाही हात यासाठी तयार नसतो. तो तयार व्हावयाचा तो कोणाच्या तरी डोळ्यावरच. आणि मनुष्याला डोळे दोनच असतात. पुष्कळदा तर शस्त्रक्रियेला आलेल्या वृद्धाचा दुसरा डोळा आधीच निकामी झालेला असतो.

नेत्रवैद्यक शिकणाऱ्या तरुण डॉक्टराने खेड्यांत जावे, शिबिरांत काम करावे, शाळेतील मुलांचे डोळे तपासावे, सार्वजनिक आरोग्याच्या कार्याला हातभार लावावा, असे आज सर्वच जण सांगतात. २०२० साली तर याचा नियमच झाला. वैद्यकाच्या कोणत्याही शाखेत एम.डी. वा एम.एस. करणाऱ्या विद्यार्थ्याने अभ्यासक्रमाच्या काळात तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम केले पाहिजे, असे ठरले, आणि २०२१ पासूनच्या विद्यार्थ्यांना ते बंधनकारक झाले. हे सर्व योग्यच आहे. परंतु या सेवेत देणारा कोण आणि घेणारा कोण, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तरुण डॉक्टर मनाशी म्हणतो, आपण गरिबाला दृष्टी देत आहोत. गरीब हात जोडतो, आयोजक हार घालतात. पण त्याच सायंकाळी त्या डॉक्टराच्या नोंदवहीत शस्त्रक्रियांचा आकडा वाढलेला असतो. त्या आकड्यावर त्याची पदवी उभी राहते, पदवीवर नाव आणि नावावर पुढील आयुष्याची उपजीविका. म्हातारीला एक डोळा मिळाला, डॉक्टराला विद्या मिळाली. मग दाता कोणाला म्हणावयाचे?

या प्रश्नाचा विचार करण्यास चेन्नईइतके योग्य शहर भारतात क्वचितच सापडेल. लंडनमध्ये १८०५ साली निघालेल्या, पुढे मूरफील्ड्स या नावाने प्रसिद्धीस आलेल्या नेत्ररुग्णालयानंतर अवघ्या चौदा वर्षांनी, म्हणजे १८१९ साली, रिचर्डसन नावाच्या डॉक्टराने मद्रासमध्ये नेत्ररुग्णालय काढले. प्रथम ते रायपेट्टा भागात होते. १८८४ मध्ये एग्मोर येथे आले आणि आजही तेथेच आहे. जगातील सर्वांत जुन्या नेत्ररुग्णालयांत त्याचा दुसरा क्रमांक लावतात. दोनशे वर्षांहून अधिक काळ या एका संस्थेत डोळ्यांची विद्या पिढ्यान्‌पिढ्या एका हातातून दुसऱ्या हातात गेली. ज्यांच्या डोळ्यांवर ती शिकली गेली, त्यांपैकी बहुतेक जण मद्रास इलाख्यातील शेतमजूर, कोळी, विणकर आणि विधवा होत्या. काचबिंदूवरील शस्त्रक्रियेमुळे ज्यांचे नाव जगभर झाले, ते एलियट याच रुग्णालयाचे अधीक्षक होते. त्यांचे नाव पाठ्यपुस्तकांत आले; ज्यांच्या डोळ्यांनी त्यांना ते शिकविले, त्यांचे कोठेच आले नाही.

याच एलियट यांनी आणखी एका विषयाकडे लक्ष दिले होते. त्या काळी गावोगाव हिंडणारे वैद्य सुईने मोतीबिंदू डोळ्यात खाली पाडीत. भिंग दृष्टीच्या वाटेतून बाजूला सरकताच आंधळ्याला समोरची बोटे दिसू लागत. घरात आनंदीआनंद होई, वैद्याला दक्षिणा मिळे आणि तो पुढच्या गावी निघून जाई. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी डोळा सुजे, दुखू लागे आणि कित्येकांची दृष्टी कायमची जाई. असे बिघडलेले डोळे एलियट यांनी मद्रासमध्ये मोठ्या संख्येने तपासले आणि १९१७ साली लंडनच्या शस्त्रवैद्यांपुढे त्यांवर व्याख्याने दिली. त्या फिरत्या वैद्यांविषयी आज बोलताना तुच्छता दाखविण्याचे कारण नाही. विद्या जुनी होती, आणि कित्येकांचा हातही चांगला असेल. त्यांच्या व्यवसायातील खरा दोष वेगळाच होता. त्यांना आपल्या कर्माचे फळ कधी पाहावे लागत नसे. ज्याला आपली चूक दिसत नाही, त्याची ती चूक शंभराव्या डोळ्यातही तशीच राहते.

आजच्या शिक्षणाची रीत या दोषावर उतारा म्हणूनच घडली आहे, आणि ती थोडी तपशिलाने पाहण्यासारखी आहे. विद्यार्थी प्रथम बोकडाच्या किंवा डुकराच्या काढून आणलेल्या डोळ्यावर हात बसवितो. अलीकडे त्यासाठी यंत्रेही आली आहेत, ज्यांत डोळा आभासी असतो पण हाताचा कंप खरा नोंदला जातो. पुढे तो गुरूच्या शेजारी बसून महिनोन्‌महिने पाहतो. मग त्याला शस्त्रक्रियेची एखादी सोपी पायरी करू देतात, बाकीची सर्व गुरू करतो. पुष्कळ ठिकाणी शेवटची पायरी आधी आणि अवघड पायऱ्या मागाहून शिकवितात, म्हणजे गुरूने सुस्थितीत आणून दिलेला डोळा शिष्याच्या हाती येतो. सूक्ष्मदर्शकाला दोन जोड्या असतात. एकीतून शिष्य पाहतो, दुसरीतून त्याच क्षणी तेच गुरू पाहतो. पडदा फाटलाच तर पुढे काय करावयाचे हे ज्याला ठाऊक आहे, तो हात वीतभर अंतरावर असतो. म्हणून चांगल्या संस्थेत शिकाऊ हाताने झालेल्या चुकीमुळे रुग्णाची दृष्टी सहसा जात नाही. चूक घडते, परंतु ती सावरली जाते.

या सर्व वेळी रुग्ण जागा असतो. डोळ्याभोवतीचा भाग बधिर केलेला, चेहऱ्यावर कापड आणि कान उघडे. गुरू-शिष्य इंग्रजीत बोलतात, रुग्णाला तमिळखेरीज दुसरी भाषा येत नाही. पण आवाजातील घाई, थांबलेला शब्द, किंचित चढलेला स्वर यांना भाषांतर लागत नाही. आपल्या डोळ्यावर कोणी शिकत आहे, हे त्याला कळते. ते आधी त्याच्याच भाषेत सांगितलेले असावे की नसावे? सांगितले तर तो घाबरेल, नकार देईल, असे काही जण म्हणतात. परंतु जे सांगताना संकोच वाटतो, ते करतानाही वाटावयास हवा. ज्या संस्थांत गुरू स्वतः रुग्णाजवळ बसून, हा तरुण डॉक्टर शस्त्रक्रिया करील आणि आपण त्याच्या शेजारून हलणार नाही, एवढे साध्या शब्दांत सांगतो, तेथे रुग्ण बहुधा होकार देतो. जगातील लोकांना वाटते त्यापेक्षा गरीब मनुष्य अधिक उदार असतो. आपल्याला फसविले, हे मात्र तोही विसरत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. शिकण्यासाठी डोळा लागतो हे मान्य. पण तो नेहमी गरिबाचाच का? श्रीमंत रुग्ण खाजगी इस्पितळात जाऊन मुख्य डॉक्टराचाच हात मागतो आणि तो त्याला मिळतो. फुकट उपचार घेणाऱ्याला मागण्याचा अधिकार नसतो, असे समाजाने जणू ठरवून टाकले आहे. हा अन्याय आहे, आणि फुकट मिळते तेवढे पुष्कळ आहे या युक्तिवादाने तो झाकता येत नाही. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त ज्या आत्मौपम्यबुद्धीवर भर दिला, म्हणजे दुसऱ्याचे सुखदुःख आपल्यासारखेच लेखावे या बुद्धीवर, तिची कसोटी येथे लावून पाहिली पाहिजे. शस्त्रक्रियागृहातील गुरूने स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या टेबलावर आपली आई असती, तर याच शिष्याला, याच पायरीवर, याच देखरेखीखाली आपण पुढे होऊ दिले असते काय? उत्तर होकारार्थी असेल, तर गरिबाच्या डोळ्यावर शिकण्यात पाप नाही. नकारार्थी असेल, तर त्या शिष्याला त्या दिवशी बाजूला बसविले पाहिजे, मग त्याच्या नोंदवहीतील आकडा कितीही मागे राहो. विषमता पुरती नाहीशी करणे एका गुरूच्या हाती नसेल. परंतु देखरेखीची रेघ गरिबासाठी खाली ओढावयाची नाही, एवढे मात्र सर्वस्वी त्याच्याच हाती असते.

तर मग या व्यवहाराला नाव काय द्यावे? दान हे नाव डॉक्टराच्या बाजूने शोभत नाही, हे वर पाहिलेच. देवघेव म्हणावी, तर देणाऱ्या रुग्णाला आपण काय देत आहोत याची पुरती कल्पनाही नसते. आपल्या परंपरेत यासाठी एक जुना शब्द आहे: ऋण. मनुष्य जन्मतःच काही ऋणे घेऊन येतो, असे शास्त्रकारांनी मानले. विद्येचे ऋण त्यांतलेच. ऋषींचे ऋण अध्ययन-अध्यापनाने फिटते, असे सांगतात. नेत्रवैद्याच्या विद्येचे ऋषी मात्र केवळ ग्रंथकार नाहीत. एग्मोरच्या ओसरीवर रांगेत बसलेली निरक्षर माणसेही त्याचे ऋषीच आहेत. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात यज्ञचक्राचे जे विवेचन आहे, त्यात परस्परांच्या पोषणावर जग चालते असे सांगून, मिळालेले परत न देता एकट्यानेच भोगणाऱ्याला चोराच्या पंक्तीत बसविले आहे. शिकाऊ काळात गरिबांच्या डोळ्यांवर हात तयार करून पुढे गरिबांकडे पाठ फिरविणारा नेत्रवैद्य त्या पंक्तीत बसतो की नाही, हे ज्याचे त्याने ठरवावे. एवढे खरे की, शिबिरातील सेवेला ऋणाची फेड मानले की सेवेतील अहंकाराचे मूळच तुटते. कर्ज फेडणारा सावकाराकडून कृतज्ञतेची अपेक्षा करीत नाही.

मद्रासमध्ये वैद्यक शिकलेल्या एका मनुष्याचे आयुष्य या दृष्टीने पाहावे. गोविंदप्पा वेंकटस्वामी १९४४ साली मद्रासमधून डॉक्टर झाले. सैन्यात नोकरी करीत असताना संधिवाताने त्यांची बोटे वाकडी झाली. वाकड्या बोटांनी त्यांनी नेत्रशस्त्रक्रिया शिकून घेतली. पुढे सरकारी नोकरीत शिबिरांमागून शिबिरे भरविली. आणि १९७६ साली, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाल्यावर, मदुराईत अकरा खाटांचे अरविंद नेत्ररुग्णालय काढले. ज्यांना पैसे देणे शक्य आहे त्यांनी द्यावे आणि त्यातूनच ज्यांना शक्य नाही त्यांची सोय व्हावी, अशी त्यांनी घडी बसविली. २००६ मध्ये ते वारले तेव्हा त्या खाटांचे एक मोठे जाळे झाले होते. आज त्याची एक शाखा चेन्नईतही आहे. चेन्नईतच १९७८ साली डॉ. बद्रीनाथ यांनी शंकर नेत्रालयाची स्थापना केली. अमेरिकेत शिकून परत आलेल्या या डॉक्टराने तेथील विद्या गरिबालाही त्याच दर्जाने मिळावी असा आग्रह धरला, आणि २०२३ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो सोडला नाही. हे मोठे पुरुष झाले. सर्वांना असे जमत नाही, आणि जमावे अशी सक्तीही करता येत नाही. परंतु ऋण लहान माणसालाही असते आणि लहान हप्त्यांनीही ते फिटते.

फेड करावयाची म्हणजे हिशेब ठेवला पाहिजे. येथे मराठी वाचकाला अभिमान वाटावा असे एक उदाहरण तमिळ भूमीतच आहे. तंजावरचे भोसले घराण्यातील सरफोजी राजे, ज्यांनी १७९८ पासून १८३२ पर्यंत गादी सांभाळली, तरुणपणी काही वर्षे मद्रासला राहिले होते. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयामुळे त्यांचे नाव सर्वतोमुखी आहे. परंतु त्याच संग्रहात नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची चित्रे जपून ठेवलेली आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राजाने स्वतः हातात शस्त्र घेतले की वैद्यांकडून शस्त्रक्रिया करविल्या, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तो वाद क्षणभर बाजूला ठेवला तरी जे उरते ते कमी नाही. दरबारात आलेल्या एका सामान्य माणसाचा डोळा उपचारापूर्वी कसा होता, त्यावर काय केले आणि पुढे काय झाले, हे लिहून आणि चित्र काढून ठेवावे, असे एका राजाला वाटले. त्याच काळात गावोगावचे वैद्य दक्षिणा घेऊन वेशीबाहेर पडत होते. राजाला कोणी जाब विचारणारे नव्हते. तरी त्याने जाब लिहून ठेवला.

शिबिरांच्या इतिहासात हाच मुद्दा पुन्हा पुन्हा पुढे आला आहे. विसाव्या शतकात देशभर मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया शाळांत, धर्मशाळांत आणि मांडवांत होत असत. त्यांनी लक्षावधी लोकांना दृष्टी मिळाली, हे नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. पण १९८६ च्या एप्रिलमध्ये उत्तर प्रदेशातील खुर्जा येथील शिबिरात १०८ जणांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि जंतुसंसर्गामुळे ८४ जणांच्या डोळ्यांची कायमची हानी झाली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि १९८९ मध्ये न्यायालयाने त्या दुर्दैवी लोकांना भरपाई देवविली. तेथे शस्त्र चालविणारे शिकाऊ नव्हते, अनुभवी डॉक्टर होते. हेतूही धर्मादायच होता. मग उणीव कोठे राहिली? गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत, आणि त्यांत हीन दानाची जी लक्षणे दिली आहेत, त्यांतील पहिली अयोग्य स्थळ व अयोग्य काळ ही आहेत. दात्याचा हेतू चांगला आहे एवढ्याने दान सात्त्विक ठरत नाही, ही त्या विवेचनातील कठोर बाजू धर्मादाय कार्ये करणारे सहसा ध्यानात घेत नाहीत. जेथे हात निर्जंतुक राहत नाही, ते नेत्रशस्त्रक्रियेचे स्थळ नव्हे. आणि जेथून डॉक्टर तिसऱ्या दिवशी निघून जाणार, तो तिचा काळ नव्हे.

आता रीत पालटली आहे. गावात तपासणी होते, आणि शस्त्रक्रियेसाठी रुग्णाला गाडीने मूळ रुग्णालयात आणून पुन्हा घरी पोहोचवितात. शंकर नेत्रालयाने मद्रासच्या आय. आय. टी.च्या साहाय्याने दोन मोटारगाड्या जोडून शस्त्रक्रियागृहच गावात नेण्याची व्यवस्था केली, तिचेही मर्म हेच आहे की स्थळ बदलले तरी दर्जा बदलू नये. त्याच अध्यायात, अवमानपूर्वक दिलेले दानही हीन गणले आहे. दहा-दहा म्हाताऱ्यांना एका रांगेत उभे करून, कपाळाला चिकटपट्टी लावून, नावाऐवजी क्रमांकाने हाका मारणाऱ्या शिबिरात हा दोष किती सहज शिरतो, हे तेथे काम करणाऱ्यांना सांगावयास नको. चिकटपट्टी आवश्यकच आहे, चुकीच्या डोळ्यावर शस्त्र जाऊ नये म्हणून. पण तिच्यावर क्रमांकाबरोबर नाव लिहिण्यास फारसा वेळ लागत नाही.

इथपर्यंत जो रुग्ण आला त्याची गोष्ट झाली. सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न मात्र जो आलाच नाही त्याच्यापासून सुरू होतो. भारत सरकारने १९७६ मध्ये अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण शेकडा ०.३६ इतके खाली आलेले दिसले; परंतु पन्नाशीच्या पुढील अंधांपैकी सुमारे दोनतृतीयांश लोक मोतीबिंदूमुळेच आंधळे होते, म्हणजे ज्याला इलाज आहे, आणि तोही पुष्कळदा विनामूल्य, अशा कारणाने. ही माणसे का येत नाहीत? सोबतीला माणूस नाही. मुलाची रोजी बुडते. हंगाम आहे. एका डोळ्याने भागते आहे. म्हातारपण म्हणजे असेच असावयाचे. शेजारणीचा डोळा बिघडला होता. आणि कित्येक घरांत, म्हाताऱ्यासाठी गाडी ठरते तशी म्हातारीसाठी ठरत नाही.

शस्त्रक्रियागृहात बसून यांतील एकही कारण शिकाऊ डॉक्टराच्या कानी पडत नाही. तो तीन महिने जिल्ह्यात जातो तेव्हा पडू शकते, जर त्याने ते तीन महिने केवळ बदलीची शिक्षा म्हणून मोजून काढले नाहीत तर. तेथे त्याला कळते की सूक्ष्मदर्शकाखाली कधीच न येणारे काम किती आहे. शाळेतील मागच्या बाकावरचा मुलगा मठ्ठ नसून त्याला फळा दिसत नाही, आणि सहा मीटरांवर टांगलेल्या एका तक्त्याने, शिक्षिकेच्याच मदतीने, हे ओळखता येते. मधुमेह झालेल्या शिंप्याला सुई ओवता येते तोवर डोळा ठीक वाटतो. त्याच्या दृष्टिपटलातील रक्तवाहिन्या फुटू लागल्या आहेत हे त्याला स्वतःला कळूच शकत नाही. अपुऱ्या दिवसांचे जन्मलेले मूल वेळेवर तपासले नाही तर दृष्टी येण्यापूर्वीच जाते, आणि तेथे उशीर आठवड्यांत मोजावा लागतो. डोळ्यांची साथ आली की गर्दी होते ती वेगळीच. त्या साथीला देशाच्या पुष्कळ भागांत ‘मद्रास आय’ म्हणतात, कारण १९१८ च्या सुमारास तिचे वर्णन प्रथम तेथे झाले. निदान करणाऱ्या शहरालाच रोगाचे नाव चिकटावे, हा थोडा अन्यायच म्हणावयाचा! त्या गर्दीत डॉक्टराने करावयाचे काम फारसे नसते. हात धुवा, रुमाल वेगळा ठेवा, मेडिकलच्या दुकानातून मिळेल ते औषध डोळ्यात घालू नका, हे पाचशे वेळा न कंटाळता सांगणे हेच ते काम. त्याने नोंदवहीतील आकडा वाढत नाही.

आणि येथेच फलत्यागाचा खरा अर्थ कसाला लागतो. कर्म करावे, फळाची आसक्ती धरू नये, हे वचन ज्याच्या त्याच्या तोंडी असते. पण त्याचा एक विपरीत उपयोगही होतो. शस्त्रक्रिया केली, पुढचे दैवाधीन, असे म्हणणारा डॉक्टर स्वतःला निष्काम समजू लागतो. वस्तुतः शस्त्रक्रियेला दोन फळे असतात. एक डॉक्टराचे: आकडा, पदवी, कीर्ती, मोबदला, आभार. दुसरे रुग्णाचे: महिन्यानंतर त्याला किती दिसते. पहिल्याचा त्याग सांगितला आहे. दुसऱ्याचा त्याग करण्याचा डॉक्टराला अधिकारच नाही, कारण ते त्याचे नाहीच. फिरता वैद्य नेमके उलट करीत असे. स्वतःचे फळ खिशात घालून तो रुग्णाचे फळ दैवावर सोपवी. आजही ज्या शिबिरात शस्त्रक्रियांची संख्या फलकावर लिहितात, पण चौथ्या आठवड्यातील फेरतपासणीला किती आले आणि त्यांतील किती जणांना नीट दिसू लागले हे लिहीत नाहीत, तेथे हाच उलटा त्याग चालू असतो. फेरतपासणीला न आलेल्या सात जणांच्या घरी जाणे हे कंटाळवाणे काम आहे. त्यात कौशल्य नाही, छायाचित्र नाही, परीक्षेत गुण नाहीत. न आलेल्यांपैकी एखाद्याचा डोळा लाल होऊन दुखत असतो आणि तो भिडेपोटी आलेला नसतो: फुकट केले, आता तक्रार कशी करावी, म्हणून. लोकसंग्रह या भारदस्त शब्दाचा अर्थ शिकाऊ नेत्रवैद्यापुरता इतका साधा आहे: त्या सातव्या घराची वाट विचारीत जाणे.

या विद्येत एक काम असे आहे की त्यात कोणी कोणाचे ऋणी राहत नाही, किंवा सर्वच राहतात. एग्मोरच्या रुग्णालयात डॉ. मुत्तय्या यांनी १९४५ साली भारतातील पहिली नेत्रपेढी सुरू केली आणि १९४८ मध्ये मृताच्या डोळ्यातील पारदर्शक पडदा जिवंत माणसाच्या डोळ्यावर बसविण्याची शस्त्रक्रिया केली. तेव्हापासून हे काम चालत आले आहे. मृत्यूनंतर सुमारे सहा तासांच्या आत नेत्र घ्यावे लागतात, म्हणून निरोप आला की वेळ पाहता येत नाही. पुष्कळदा रात्री अपरात्री निघावे लागते, आणि निघणारा हा बहुधा कोणी तंत्रज्ञ किंवा सर्वांत धाकटा डॉक्टरच असतो. दारात चपलांचा ढीग पडलेला असतो, आत बायका रडत असतात, कोणी तरी त्याला हळूच वाट करून देते. पंख्याखाली, पुरेशा उजेडाशिवाय, पंधरा-वीस मिनिटांत त्याने आपले काम उरकावयाचे, पापण्या पूर्ववत् मिटवावयाच्या आणि घरच्यांसमोर हात जोडून बाहेर पडावयाचे. तो पडदा कोणाला मिळणार हे घरच्यांना कळत नाही. ज्याला मिळाला त्याला तो कोणाचा हे कळत नाही. एखाद्या घरी निघताना म्हातारा बाप त्याला चहा घेऊन जाण्याचा आग्रह करतो, आणि इतक्या रात्री तुम्हांला त्रास झाला म्हणून त्याचीच क्षमा मागतो.